उरोबलाचा व्यायाम : वैद्याच्या व्यवस्थापत्रात त्याला जागा हवी

हेमंत ऋतू सुरू झाला की आपल्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत एका विशिष्ट प्रकारच्या तरुणांची ये-जा वाढते. त्यांना कोणताही व्याधी नसतो. भूक चांगली असते, झोप चांगली असते, तक्रार एकच, "छाती भरत नाही." कोणाला पोलीस भरतीला उतरावयाचे असते, कोणाचा विवाह ठरलेला असतो, कोणी नुकतीच जिमची वर्गणी भरलेली असते. "काहीतरी ताकदीचे द्या" हे त्यांचे मागणे. समोरचा वैद्य अश्वगंधा, विदारी, शतावरी अशी बल्य द्रव्ये लिहून देतो, औषधालयाचा चालक एखादा डबा काढून देतो, आणि तरुण समाधानाने निघून जातो. या संपूर्ण व्यवहारात एक प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही : हा तरुण छातीचा व्यायाम कोणता करतो, किती करतो आणि कसा करतो?

आमच्या मते हा प्रश्न औषधाच्या आधी विचारावयास हवा, आणि त्याचे उत्तर व्यवस्थापत्रावर औषधाच्या वरच्या ओळीत लिहावयास हवे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

ही मागणी आधुनिकांच्या अनुकरणातून आलेली नाही. चरकाचार्यांनी बलाचे तीन प्रकार सांगितले आहेत : सहज, कालज आणि युक्तिकृत. सहज बल जन्मतः मिळते. कालज बल ऋतू आणि वय यांच्या अधीन असते. वैद्याच्या हाती राहते ते केवळ युक्तिकृत बल. आणि त्याची साधने सांगताना आचार्यांनी आहार, चेष्टा आणि योग यांचा उल्लेख केला आहे. रसायनादी प्रयोगांचा समावेश टीकाकार यांपैकी योगात करतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तरुण आपल्याकडे येतो, तिच्या तीन पायांपैकी औषध हा एक पाय आहे. उरलेले दोन पाय कापून तिवई उभी करण्याचा प्रयत्न कोणी केला, तर ती पडणारच.

त्याच संहितेच्या विमानस्थानात रुग्णपरीक्षेचे जे दहा विषय सांगितले आहेत, त्यांत व्यायामशक्तीला स्वतंत्र स्थान आहे. कर्म करण्याच्या क्षमतेवरून प्रवर, मध्य आणि अवर असे तिचे त्रैविध्य जाणावे, असा तेथील आशय आहे. प्रकृती, सार, सात्म्य यांच्या नोंदी आपण आवर्जून ठेवतो. व्यायामशक्तीची नोंद मात्र कित्येक रुग्णपत्रकांत आढळत नाही. वास्तविक ती घेण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. भिंतीवर हात टेकून रुग्णाला दहा वेळा दंड काढावयास सांगावे आणि त्याचा श्वास, घाम, चेहरा व खांद्यांची स्थिती पाहावी. नाडीपरीक्षेइतकीच ही परीक्षाही बोलकी ठरते. ज्याला चालताना धाप लागते किंवा छातीत दुखते, त्याच्यावर ती अर्थातच करू नये.

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळू. सुश्रुतांनी शरीरातील पेशींची संख्या पाचशे सांगितली असून त्यांपैकी सहासष्ट कोष्ठात मोजल्या आहेत. आधुनिक शारीरात छातीच्या पुढील भागाचा उठाव मुख्यतः पेक्टोरॅलिस मेजर या पंख्यासारख्या पसरलेल्या स्नायूमुळे दिसतो. अक्षकास्थी, उरःफलक आणि बरगड्यांच्या कूर्चा येथून तो निघतो आणि दंडाच्या हाडाच्या वरच्या भागास जाऊन मिळतो. त्याच्याखाली लहान पेक्टोरॅलिस मायनर असतो, तर बगलेखाली बरगड्यांवर करवतीच्या दातांसारखा दिसणारा सेरॅटस अँटिरिअर खांद्याचे पाते जागेवर धरून ठेवतो. हात पुढे लोटणे आणि दोन्ही बाहू छातीसमोर जवळ आणणे हे मोठ्या स्नायूचे काम. म्हणूनच छातीचे सर्व व्यायाम या ना त्या रूपाने लोटण्याचे किंवा मिठी मारण्याचे व्यायाम असतात.

या हेतूसाठी आपल्या तालमींनी शतकानुशतके जे साधन वापरले ते दंड. कोल्हापूरकडे त्यालाच जोर म्हणतात आणि जोर-बैठका हा शब्द तर मराठीत कष्टाचा पर्याय होऊन बसला आहे. दंडाचे मोठेपण असे की त्याला उपकरण लागत नाही आणि भार कमी-अधिक करता येतो. साध्या सपाट दंडात शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भार हातांवर येतो. गुडघे टेकून काढल्यास तो निम्म्यावर उतरतो. हात दोन फूट उंच अशा भक्कम बाकावर ठेवल्यास पाच भागांपैकी जवळपास दोनच भाग हातांवर येतात, आणि भिंतीवर काढल्यास त्याहूनही कमी. साठ किलो वजनाच्या माणसाला हे गणित लावले तर सपाट दंडात चाळीस किलो, गुडघ्यांवर तीस किलो आणि बाकावर पंचवीस किलो, अशी मात्रा आपल्या हाती येते. औषधाची मात्रा जशी वय, बल, अग्नी पाहून ठरवावी, तशीच ही मात्राही ठरविता येते. व्यवस्थापत्रात लिहिता येईल असे याहून सोपे आणि बिनखर्चाचे साधन आम्हांस माहीत नाही.

मात्रेचा मुद्दा आला म्हणजे बलार्धाचा विचार ओघानेच येतो. आचार्यांनी व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे. वाग्भटांनी तर तो बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यांनी शीतकाळी व वसंतात करावा आणि इतर ऋतूंत मंद ठेवावा, अशी मर्यादाही घातली आहे. बलार्धाची लक्षणे व्यवहारास अत्यंत सोयीची आहेत. कपाळ, नाक, बगला आणि सांधे येथे घाम येऊ लागणे, तोंडास कोरड पडणे, तोंडाने श्वास घ्यावा लागणे, ही लक्षणे दिसताच थांबावे. रुग्णाला घड्याळ किंवा यंत्र लागत नाही. स्वतःचे नाक आणि कपाळ पुरते.

यावर जिमचे अनुयायी आक्षेप घेतात की अर्ध्या शक्तीने स्नायू वाढत नाहीत, त्यांना पूर्ण थकवावे लागते. हा आक्षेप तपासून पाहण्यासारखा आहे. स्नायू वाढण्यासाठी त्यांच्यावर रोजच्याहून अधिक भार पडला पाहिजे आणि तो क्रमाक्रमाने वाढला पाहिजे, हे खरे. परंतु अगदी शेवटची आवृत्ती हात थरथरून खाली कोसळेपर्यंत ओढली पाहिजे, असे नाही. आणखी दोन-तीन आवृत्त्या सहज निघाल्या असत्या अशा टप्प्यावर थांबणाऱ्यांचेही बल जवळजवळ तेवढेच वाढते, हे अलीकडच्या व्यायामशास्त्रात मान्य झाले आहे. शिवाय बलार्ध हे एका जागी खिळलेले माप नाही. आज ज्याचे बल दहा दंडांचे आहे त्याचे अर्धे पाच. दोन महिन्यांनी त्याचेच बल तीस झाले की अर्धे पंधरा. बल वाढते तसे अर्धेही वाढते. आचार्यांची मर्यादा वाढीला अडवीत नाही. ती साहसाला अडविते.

आणि साहस हाच या विषयातील खरा धोका आहे. अतिव्यायामाचे दुष्परिणाम सांगताना वाग्भटांनी तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर आणि छर्दी यांची गणना केली आहे. चरकांनी तर निदानस्थानात शोषाच्या चार कारणांमध्ये साहसाला पहिले स्थान दिले. चिकित्सास्थानातील क्षतक्षीण अध्यायात उरःक्षताची जी कारणे येतात ती वाचताना आजची जिम डोळ्यांपुढे उभी राहते : बळाबाहेर धनुष्य ओढणे, जड ओझे उचलणे, आपल्याहून बलवानाशी झुंजणे, दगड-लाकडे भिरकावणे, पळणारा बैल किंवा घोडा रोखून धरणे. धनुष्याच्या जागी लोखंडी सळई आली आणि बैलाच्या जागी शेजारच्या बाकावरचा अधिक बलवान मित्र आला, इतकाच फरक. छाती हे नऊ मर्मांचे स्थान आहे. हृदय एक, आणि स्तनमूल, स्तनरोहित, अपलाप व अपस्तंभ ही प्रत्येकी दोन. ज्या प्रदेशाविषयी शास्त्राने इतकी सावधगिरी सांगितली, त्या प्रदेशाच्या व्यायामाबाबत वैद्याने मौन पाळणे आम्हांस उचित वाटत नाही.

पोलीस भरतीचे उदाहरण येथे मुद्दाम घेतो, कारण ग्रामीण भागातील आपल्या बहुतेक सभासदांचा त्याच्याशी संबंध येतो. महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराची छाती न फुगविता किमान ७९ सेंटिमीटर असावी आणि ती किमान ५ सेंटिमीटर फुगावी, अशी अट आहे. ७७ किंवा ७८ वर अडलेला मुलगा मोजमापाच्या तीन आठवडे आधी आपल्याकडे येतो. त्याला काय सांगावे? आमचे मत असे की सत्य सांगावे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जे बल वाढते ते मुख्यतः मज्जासंस्थेने स्नायूंना अधिक चांगले कामास लावल्यामुळे. डोळ्यांना व फितीला जाणवणारी स्नायूंची वाढ साधारणतः सहा ते आठ आठवड्यांनंतर दिसू लागते. छाती फुगण्याचा भाग तर निराळाच आहे. तो बरगड्यांची लवचिकता, त्यांमधील स्नायू, महाप्राचीरा आणि श्वास पूर्ण भरण्याचा सराव यांवर अवलंबून असतो. त्यासाठी दंडांबरोबर दीर्घ श्वसनाचा व पाठ ताणण्याचा नित्य सराव हवा. म्हणून अशा मुलाने भरतीची तयारी किमान चार-सहा महिने आधी सुरू करावी, हा सल्ला गावागावांतील वैद्यांनी उन्हाळ्यात-पावसाळ्यातच दिला पाहिजे. कोणत्याही डब्याने तीन आठवड्यांत दोन सेंटिमीटर वाढत नाहीत. तसे सांगून डबा विकणे म्हणजे त्या मुलाच्या बापाचे पैसे आणि मुलाचा एक वर्षाचा काळ या दोहोंची हानी करणे होय.

"मग बल्य औषधे निरुपयोगी आहेत काय?" असा प्रश्न येथे कोणी विचारील. मुळीच नाही. अश्वगंधेला चरकांनी बल्य आणि बृंहणीय या दोन्ही महाकषायांत स्थान दिले आहे. तिच्यावर झालेल्या आधुनिक परीक्षणांपैकी एक तर नेमके आपल्या विषयाचे आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या परीक्षणात १८ ते ५० वयोगटातील ५७ पुरुषांना आठ आठवडे भारव्यायाम देण्यात आला; एका गटास अश्वगंधामूळाचे ३०० मिलिग्रॅम सत्त्व दिवसातून दोनदा, तर दुसऱ्यास तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य. बाकावर उताणे झोपून भार वर लोटण्याची छातीची शक्ती अश्वगंधा गटात सरासरी ४६ किलोने वाढली, तर दुसऱ्या गटात २६ किलोने. अनेकजण या आकड्यांपैकी पहिलाच आकडा जाहिरातीत छापतात. आम्ही वाचकांचे लक्ष दुसऱ्याकडे वेधू इच्छितो. ज्यांना औषध मिळालेच नाही त्यांचीही शक्ती केवळ व्यायामाने २६ किलोने वाढली. आणि व्यायामाविना नुसती अश्वगंधा घेणारा गट या परीक्षणात नव्हताच. परीक्षण लहान आणि अल्पकालीन आहे, हे ध्यानात ठेवूनही त्याचा बोध स्पष्ट आहे : औषध व्यायामाच्या पाठीवर बसून काम करते. बसावयास पाठच नसेल तर औषध कोठे बसणार?

अश्वगंधा देतानाही विवेक हवाच. गर्भिणीस ती देऊ नये; अवटु ग्रंथीची औषधे चालू असणाऱ्यास विचार करून द्यावी; आणि अलीकडच्या वर्षांत क्वचित यकृतास इजा झाल्याच्या ज्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आल्या आहेत, त्यांकडे दुर्लक्ष न करता कामलेची लक्षणे रुग्णास आधीच समजावून द्यावीत. अग्नी मंद असेल तर आधी दीपन-पाचन, मग बृंहण, हा क्रम तर आपल्या विद्यार्थ्यांनाही पाठ असतो.

औषधालय चालविणाऱ्या आमच्या बंधु-भगिनींना येथे विशेष सांगावयाचे आहे. बाजारात "आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनवाढीच्या काही गोळ्या व चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. अशा चूर्णाने पंधरा दिवसांत भूक खवळते, चेहरा गोल होतो, वजन चढते, आणि ग्राहक खूष होऊन मित्रांना घेऊन येतो. पुढे रक्तदाब, रक्तशर्करा, त्वचेवरील जांभळट रेषा आणि अस्थिक्षय यांच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागते. असे द्रव्य दीर्घकाळ घेणाऱ्याने ते एकाएकी थांबविणेही धोक्याचे असते, कारण शरीराने स्वतःचा स्राव कमी केलेला असतो. अशा रुग्णास त्वरित योग्य तज्ज्ञाकडे पाठविणे हेच कर्तव्य. जिममध्ये स्नायूंसाठी टोचली जाणारी संप्रेरके हा वेगळा प्रकार. त्यांचा एक परिणाम असा की छाती पुरुषी होण्याऐवजी स्तनग्रंथी वाढू लागते. छातीसाठी घेतलेल्या औषधाने छातीचेच विडंबन व्हावे, याहून मोठा उपहास कोणता?

म्हणून औषधालयाच्या फळीसाठी साधा नियम असावा. औषध नियम १९४५ मधील १६१ व्या नियमाने आपल्या औषधांच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक यांसारखी माहिती बंधनकारक केली आहे. ज्यावर ती नाही ते फळीवर नको. ज्याचा परिणाम दहा दिवसांत चमत्कारासारखा दिसतो ते तर मुळीच नको. ग्राहक शेजारच्या दुकानात जाईल, ही भीती आम्ही समजू शकतो. दुकानाचे भाडे आणि नोकरांचे पगार भावनेवर निघत नाहीत. परंतु ज्या औषधालयाने एखाद्या घरातील मुलाला "हे घेऊ नकोस, आधी दंड काढ आणि घरचे दूध-तूप खा" असे सांगितले, त्या घरातील आजी-आजोबांची च्यवनप्राशाची आणि तेलांची चिठ्ठी पुढील वीस वर्षे त्याच दुकानात येते, असा अनुभव जुने औषधविक्रेते सांगतात. विश्वास हे भांडवल मंद वाढते, पण बुडत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. वक्षाच्या आकारासाठी लेप, तेल किंवा गोळ्या मागणाऱ्या तरुणी औषधालयात येतात. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टात स्त्रीच्या स्तनांचा आकार व रचना हा विषय स्पष्टपणे नमूद आहे. त्यासाठी औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा ठरतो. शास्त्रदृष्ट्याही स्तन हा ग्रंथी आणि मेद यांचा बनलेला असतो, त्यात व्यायामाने वाढणारा स्नायू नसतो. दंडाने त्याखालचा स्नायू दृढ होतो, खांदे मागे जातात, पाठ सरळ होते. त्यामुळे बांधा सुडौल दिसतो, परंतु ग्रंथीचा आकार बदलत नाही. हे मोकळेपणाने सांगणारी वैद्या त्या तरुणीचे पैसे वाचविते आणि न्यूनगंडही कमी करते. पुरुषांतील वाढलेल्या स्तनग्रंथींबाबतही हेच. तेथे दंड लिहून देण्याआधी हाताने तपासावे, चालू औषधांची चौकशी करावी, आणि एकाच बाजूस कठीण गाठ लागल्यास शल्यतज्ज्ञाकडे पाठविण्यास एक दिवसही विलंब करू नये.

आता व्यवस्थापत्रात लिहावे तरी काय, याविषयी आमची सूचना अशी. अवर व्यायामशक्तीच्या माणसाने भिंतीपासून दोन हात दूर उभे राहून, तळवे खांद्यांच्या उंचीवर व खांद्यांहून किंचित रुंद टेकवून, आठ ते बारा दंड काढावेत. थोडी विश्रांती घेऊन तेवढेच पुन्हा. हे एक दिवसाआड. पंधरा दिवसांनी ते सहज जमू लागल्यास भक्कम बाकावर किंवा ओट्यावर, त्यानंतर गुडघ्यांवर, त्यानंतर सपाट जमिनीवर, आणि शेवटी अंग पुढे झोकून काढावयाचा तालमीतला दंड. घाई कोठेही नको. खाली जाताना श्वास घ्यावा, वर येताना सोडावा. श्वास कोंडून जोर लावल्याने रक्तदाब एकदम चढतो; रक्तदाबाच्या रुग्णास हे विशेष बजावावे. एक दिवसाचे अंतर आवश्यक, कारण पेशींची भरपाई व्यायामाच्या वेळी होत नाही, ती विश्रांतीत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना बल देणारा व्यायाम करावा, असेच म्हटले आहे.

"सर्व प्रमुख" हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसती छाती वाढविणाऱ्या तरुणांचे खांदे हळूहळू पुढे वळतात आणि काही महिन्यांनी तो अंसशूल घेऊन आपल्याकडे परत येतो. लोटण्याइतकेच ओढणेही हवे. आपल्या तालमींत हा समतोल आपोआप साधला जाई : दंडांनी लोटणे, मल्लखांब आणि दोर यांनी ओढणे, मुद्गलांनी खांदा सर्व बाजूंनी फिरविणे, बैठकांनी पाय. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जे रूप दिले, बडोद्यास मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाच्या खंडांत जी विद्या मराठीत ग्रथित केली, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामाने १९२४ पासून जे कार्य चालविले, ते सारे आपल्या घरचे धन आहे. ज्या वैद्याला व्यायामाचे तपशील परके वाटतात, त्याला ते शिकण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही.

व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन करावे, हेही आचार्यांनीच सांगितले आहे. कोमट तिळतेल त्यास पुरे. आहार स्निग्ध आणि अग्नीला झेपेल असा : दूध, तूप, उडीद, मूग, तीळ, शेंगदाणे, ज्यांना चालते त्यांनी अंडी व मांसरस. अजीर्ण असताना, ज्वरात, उपाशीपोटी अशक्त वाटत असताना आणि जेवणानंतर लगेच व्यायाम करू नये. वात-पित्ताचे रुग्ण, बालक आणि वृद्ध यांना वाग्भटांनी व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. हा निषेध तालमीतल्या श्रमाचा आहे, असे आम्ही समजतो. बसून बसून खांदे जखडलेल्या सत्तर वर्षांच्या आजोबांना भिंतीवरचे पाच दंड हे औषधच ठरते.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. चाळिशीनंतर प्रथमच व्यायामास उतरणारा, मधुमेही, धूम्रपान करणारा, किंवा घरात अल्पवयात हृद्रोग झालेला माणूस छातीच्या व्यायामासाठी आला, तर आधी त्याची हृदयाची तपासणी व्हावी. व्यायाम करताना छातीत दाब येतो, डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे कळ जाते, थंड घाम फुटतो, असे कोणी सांगितल्यास "स्नायू दुखावला असेल, बला तेल चोळा" असे म्हणून वेळ दवडू नये. स्नायूचे दुखणे बहुधा विशिष्ट हालचालीने किंवा दाबल्याने वाढते, हे खरे. परंतु दाबल्यावर दुखते एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाही. अशा रुग्णाची जागा रुग्णालयात आहे.

काही मित्र म्हणतात, व्यायाम शिकविणे हे वस्तादाचे काम, वैद्याचे नव्हे. आमचे उत्तर असे : वस्तादाने व्यायाम शिकवावा, पण तो कोणास द्यावा, किती द्यावा आणि कोणास देऊ नये हे ठरविणे वैद्याचेच काम आहे. स्वयंपाक आचारी करतो, म्हणून पथ्य सांगणे आपण सोडले आहे काय? आज बऱ्याच जिममध्ये वस्ताद म्हणून उभा असणारा तरुण स्वतःच चूर्णाचे डबे विकतो. तेथे शास्त्राचा शब्द पोहोचविणारे वैद्याशिवाय दुसरे कोण आहे?

२०१९ मध्ये अमेरिकेतील १,१०४ अग्निशामक पुरुषांच्या दहा वर्षांच्या नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात, एका दमात चाळीसहून अधिक दंड काढू शकणाऱ्यांना दहांपर्यंतच काढू शकणाऱ्यांच्या तुलनेत हृद्रोगाच्या घटना फारच कमी आढळल्या. दंडांमुळेच हृदय वाचले असे यावरून सिद्ध होत नाही. निरोगी माणूस दंड अधिक काढतो, असेही म्हणता येईल. परंतु बिनखर्चाने मोजता येणारी व्यायामशक्ती ही रुग्णाच्या भविष्याविषयी काही सांगते, हे त्यातून दिसते. आणि व्यायामशक्तीला रुग्णपरीक्षेत स्थान देणाऱ्या आपल्या आचार्यांची दृष्टी किती दूरची होती, हेही.

तेव्हा आमची संघाकडे विनंती आहे की एक पानी व्यायामपत्राचा नमुना तयार करून सर्व सभासदांस पाठवावा. त्यात व्यायामशक्ती, निषेध, दंडाचा टप्पा, आवृत्त्या, आहार आणि पुन्हा येण्याची तारीख एवढेच रकाने असावेत. वैद्यांनी बल्य औषध लिहिण्यापूर्वी तो भरावा. औषधालयचालकांनी ताकदीचे औषध मागणाऱ्यास आधी तो पत्रक दाखविण्यास सांगावे. असे एक वर्ष केले तर बल्य औषधांचा खप घटेल असे आम्हांस वाटत नाही. उलट ज्यांना ती खरोखर लागतात त्यांना त्यांचा गुण येईल, आणि गुण आलेले औषध स्वतःच पुन्हा ग्राहक आणते. पुढील हेमंतात छाती भरत नाही म्हणून येणारा तरुण आपल्या दारातून निघताना त्याच्या हातात औषधाची पुडी असो वा नसो, दंडांचा कागद मात्र असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.